ब्रिस्टलमधलं पिनीचं घर : साखर, पत्रांच्या वह्या आणि पेरो

गोदातीर

ब्रिस्टलला पार्क स्ट्रीटचा चढ चढायला लागलं की डाव्या हाताला ग्रेट जॉर्ज स्ट्रीट म्हणून एक छोटा रस्ता फुटतो, ब्रँडन हिलकडे जाणारा, तिथलं सात नंबरचं घर म्हणजे जॉर्जियन हाऊस. आता ते म्युझियम आहे, महापालिकेचं, तिकीट नाही. आपल्याकडून येणारी मंडळी क्लिफ्टनचा झुलता पूल बघतात, बँक्सीची भिंतीवरची चित्रं शोधत फिरतात आणि दुपारी बाथला निघून जातात, या घरात फारसं कोणी शिरत नाही, म्हणून म्हटलं धागा काढावा. (जॉर्जियन म्हणजे जॉर्जिया देशातलं नव्हे हो, १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, त्या काळातलं.)

घर बांधलं जॉन पिनीने, १७९० च्या आसपास, विल्यम पेटी नावाच्या इथल्याच वास्तुकाराकडून. बाथचा तो मधाळ रंगाचा दगड, बाहेरून एकदम साधं, दिखाऊपणा नाही, आणि आत मात्र सहा मजली. खाली स्वयंपाकघर, भांडी घासायची खोली, कपडे धुवायची खोली, आणि तळघरात चक्क थंड पाण्याचा हौद, मालकाने सकाळी उतरून डुबकी मारायचा. वर जेवणाची खोली, बैठकीची खोली, अभ्यासिका, झोपायच्या खोल्या. प्रत्येक खोलीतून तार खाली गेलेली, ओढली की नोकरांकडे घंटा वाजते. फर्निचर बघणारे लोक तासभर रमतात. मला स्वतःला फर्निचरचं काही फार कळत नाही, महोगनी म्हणजे काळपट लाल आणि जड एवढंच.

मला या घरात खेचतो तो पिनी, कारण हा माणूस भयंकर हिशेबी. आलेलं गेलेलं प्रत्येक पत्र नकलून ठेवणार, वहीत खर्च टिपणार, माणसं किती वयाची, किती किमतीची, कोण मेलं कोण जन्मलं सगळं लिहिणार. तो सगळा कागद आज ब्रिस्टल विद्यापीठात आहे. त्या काळात साखरेवर श्रीमंत झालेले पुष्कळ होते ब्रिस्टलमध्ये, बाकीच्यांचं नुसतं घर उरलं, याचं घर आणि वह्या दोन्ही उरल्या. त्यामुळे याच्या घरात मालकांखेरीज अजून कोण राहायचं ते नावानिशी सांगता येतं, जे बहुतेक अशा घरांबद्दल सांगता येत नाही.

आता पैसा कुठला, तर नेविस बेटावरचा. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, शंभर चौरस किलोमीटरही भरत नाही, मध्ये एक डोंगर आणि त्याच्या डोक्यावर कायम ढग. पिनी घराणं तिथं पोचलं त्याची गोष्ट नाट्यमय आहे. १६८५ मध्ये मनमथच्या सरदाराने राजाविरुद्ध बंड केलं, ते चिरडलं गेलं, आणि जज्ज जेफ्रीजने पश्चिम इंग्लंडभर फिरून शेकडो लोकांना फाशी दिली. त्या बंडात डॉर्सेटच्या एका धर्मगुरूचा पोरगा होता, अझरायाह पिनी. घरच्यांनी ६५ पौंड भरून त्याचा जीव वाचवला आणि शिक्षा झाली काळ्या पाण्याची, नेविसला. म्हणजे या कुटुंबाचा मूळपुरुष तिथं स्वतः कैदी म्हणून गेला. आणि दोन-तीन पिढ्यांत पिनी म्हणजे बेटावरचे मोठे मळेवाले, शेकडो गुलामांचे धनी.

आपला जॉन खरं तर पिनी नव्हताच, आडनाव प्रीटर. चुलतभाऊ निपुत्रिक वारला, १७६२ मध्ये इस्टेट याच्याकडे आली आणि अट म्हणून आडनाव बदललं (आपल्याकडच्या दत्तक प्रकरणासारखंच). १७६४ मध्ये नेविसला गेला तेव्हा वय चोवीस. तिथं पहिल्यांदा गुलाम विकत घेतले तेव्हाचं त्याचं पत्र आहे, त्यात म्हणतो की माणसं अशी विकायला मांडलेली बघून आधी धक्काच बसला, पण देवाने ती आपल्या उपयोगासाठीच नेमली असणार, तसं नसतं तर देवाने काहीतरी खूण दाखवून कळवलंच असतं. हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. धक्का बसला, एका ओळीत निघून गेला, आणि पुढे पन्नासेक वर्षं नाही कधी आला.

१७६५ मध्ये त्याने तीन भावंडं घेतली. पेरो, वय १२. त्याच्या बहिणी नॅन्सी आणि शीबा, वय ८ आणि ६. पेरोला पुढे केस कापायला, दाढी करायला, दात काढायला शिकवलं आणि आपला खास नोकर केला. १७७२ मध्ये पिनीने तिथल्याच जेन वीक्सशी लग्न केलं, पोरंबाळं झाली, आणि १७८३ मध्ये सगळा बाडबिस्तरा घेऊन तो इंग्लंडला परतला. सोबत पेरो, आणि बायकोची दासी फॅनी कोकर. बहिणी तिकडेच राहिल्या. मग ब्रिस्टलला जेम्स टोबिनबरोबर भागीदारीत साखरेची पेढी काढली आणि हे घर बांधलं.

पेरो मालकाबरोबर दोनदा नेविसला जाऊन आला. दुसऱ्या खेपेनंतर त्याचं बिनसलं. दारू प्यायला लागला, मालक पत्रांतून कुरकुर करायला लागला, आजारी पडला तेव्हा हवापालटाला शहराबाहेर ॲश्टनला पाठवलं, आणि १७९८ मध्ये तो गेला, ४५ व्या वर्षी. बत्तीस-तेहेतीस वर्षं चाकरी केली, सुटका केली नाही ती नाहीच.

आज बंदरातल्या पादचारी पुलाचं नाव पेरोज ब्रिज आहे, १९९९ पासून. त्याला दोन भलेमोठे कर्ण्यांसारखे आकार आहेत, मधला भाग उचलला जातो तेव्हा तेच वजन तोलतात. कठड्यांना प्रेमी जोडप्यांनी कुलपं लावलेली. पूल ओलांडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना पेरो कोण ते माहीत नसतं असं माझं मत.

कोणी गेलंय का या घरात? आणि इतर कुठलं असं घर बघितलं असेल तर लिहा.

काकवी

वाह, धागा आवडला, पण ताई साखर म्हणालात आणि पुढे गेलात, आम्ही करवीर तालुक्यातले, आम्हाला साखर कशी करायचे ते सांगा की आधी. आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं, चरक, काहील, चुलवाण सगळं बघत मोठा झालोय. नेविसला पण काहिलीतच कढवायचे का?

गोदातीर

@काकवी, हो बराचसा तोच प्रकार, पण प्रमाण वेगळं. वाऱ्यावर चालणारा दगडी मनोरा, त्यात तीन लोखंडी लाट्या उभ्या, त्यातून ऊस. रस पन्हाळीतून खाली उकळायच्या घरात. तिथं तांब्याच्या कढया ओळीने, मोठीपासून छोटीपर्यंत, रस जसा आटेल तसा पळीने पुढच्या कढईत, वरची मळी काढत राहायची. जाळायला चिपाडंच. शेवटच्या कढईत कधी पाक आला ते ओळखणारा माणूस सगळ्यात मोलाचा, तो पण गुलामच. मग दाणे पडले की पिंपात भरून खाली भोकं, काकवी निथळून जाते, तिची रम. उरलेली तपकिरी साखर जहाजाने ब्रिस्टलला, इथल्या कारखान्यांत शुद्ध करून तिच्या शंकूसारख्या ढेपा. घरात त्या ढेपा फोडायचे अडकित्ते असायचे.

फरक एवढाच की हंगामात उकळायचं घर रात्रंदिवस चालायचं आणि पाळीवर असलेल्यांना झोप नाही. लाट्यांत हात गेला तर पूर्ण माणूस ओढला जायच्या आत तोडता यावा म्हणून शेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची, कॅरिबियनमधल्या कितीतरी वर्णनांत आहे हे.

काकवी

कुऱ्हाडीचं वाचून कसंतरी झालं. आमच्याकडे पण चरकात हात गेलेले लोक होते गावात, एक जण तर नात्यातलाच, पण तो स्वतःच्या उसाचा गुळ करत होता आणि संध्याकाळी घरी जात होता हो.

उलटतपासणी

लेख चांगला आहे पण हे जे चाललंय ना आजकाल की दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजायचं ते मला पटत नाही. त्या काळी सगळेच तसे होते. पिनीने निदान पेरोला कला शिकवली, आजारात हवापालटाला पाठवलं. त्या काळात इंग्लंडमधल्या गोऱ्या मजुराला कोण हवापालटाला पाठवत होतं?

गोदातीर

@उलटतपासणी, आजची फूटपट्टी बाजूला ठेवू, त्याच वर्षातली घेऊ. घर पूर्ण झालं त्या सुमारास, १७९१ मध्ये, गुलामांचा व्यापार बंद करायचं खासदार विल्बरफोर्सचं बिल पार्लमेंटमध्ये पडलं आणि चिडून लोकांनी साखरेवर बहिष्कार घातला, गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता क्लार्कसनच्या अंदाजाने तीनेक लाख लोकांनी. हा क्लार्कसन १७८७ मध्ये ब्रिस्टललाच आला होता, सेव्हन स्टार्स नावाच्या गुत्त्यात बसून खलाशांकडून जहाजांवरच्या गोष्टी गोळा करत होता, तो पब अजून चालू आहे. १७९५ च्या जूनमध्ये कवी कोलरिजने याच शहरात गुलामगिरीविरुद्ध जाहीर भाषण दिलं, पिनीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तर "सगळेच" तसे नव्हते.

आणि पिनीला स्वतःला पण कळत होतं. वेजवूड घराण्यातला टॉम, त्या चिनीमातीच्या भांडीवाल्यांचा मुलगा, १८०० च्या सुमारास नेविसला जाणार होता. वेजवूड म्हणजे गुलामगिरीचे कट्टर विरोधक, त्यांनीच तो साखळदंडातला गुडघे टेकलेला माणूस असलेला बिल्ला काढला होता. तर पिनीने आपल्या मॅनेजरला लिहिलं की पाहुणा असेपर्यंत त्याच्या देखत कोणाला फटके मारू नका. यात गैर काही नाही असं ज्याला वाटतं त्याला लपवायचं कशाला पडलंय?

उलटतपासणी

वेजवूडचं माहीत नव्हतं. तो मुद्दा घेतो. पण मग कोलरिजच्या भाषणाचं काय घेऊन बसलात, त्याचा दोस्त वर्ड्सवर्थ तर पिनीच्याच घरात पाहुणा होता ना?

बोरूबहाद्दर

हायला मी हेच लिहायला आलो होतो! १७९५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी वर्ड्सवर्थ काही आठवडे याच घरात राहिला. कोलरिजची आणि त्याची पहिली भेट इथंच झाली असं पण म्हणतात, पण त्यावर भांडण आहे, सोडून देऊ. पिनीची दोन पोरं, जॉन आणि अझरायाह (हो, मूळपुरुषाचंच नाव परत), ही नव्या विचारांची, लंडनला वर्ड्सवर्थच्या ओळखीची. बापाचं डॉर्सेटमध्ये रेसडाऊन नावाचं घर रिकामं पडलेलं, ते त्यांनी वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथीला बिनभाड्याने दिलं. बापाला वाटतंय भाडं येतंय! कळल्यावर म्हातारा चांगलाच तापला होता म्हणे, हिशेबी माणूस तो. तरी वर्ड्सवर्थ भावंडं १७९७ पर्यंत तिथं राहिली, कोबी लावला, लाकडं फोडली, आणि तो परत कवितेला लागला. त्याआधी फ्रान्सहून आल्यापासून बिचाऱ्याचं कशात मन नव्हतं.

म्हणजे बघा आता, इंग्रजी कवितेतलं हे सगळं निसर्गप्रेम, शेतकरी, भटके, भिकारी यांच्याबद्दलचा कळवळा, त्याच्या पहिल्या दोन वर्षांचं भाडं नेविसच्या उसातून आलंय. वर्ड्सवर्थला हे माहीत नसेल असं होऊ शकत नाही, पेरो त्याच घरात होता, त्या आठवड्यांत यानेच कदाचित त्याला चहा आणून दिला असेल.

गोदातीर

@बोरूबहाद्दर, "कदाचित" म्हणालात म्हणून सोडते :) पण पेरो तेव्हा घरातला मुख्य नोकर होता हे खरं.

विटा_आणि_चुना

माझा पेशा बांधकामाचा म्हणून दोन शब्द. जॉर्जियन घर ओळखायची युक्ती म्हणजे समोर उभं राहून खिडक्या बघायच्या. सगळ्या एका रेषेत, वरखाली सरकणाऱ्या, छोट्या छोट्या काचांच्या. आणि प्रत्येक मजल्याची उंची वेगळी. पहिल्या मजल्यावर सगळ्यात उंच खिडक्या, कारण पाहुणे तिथं बसणार, मग वर वर जाताना खिडकी आखूड होत जाते, अगदी छपराखाली चौकोनी झरोका उरतो, तिथं नोकर झोपणार. म्हणजे रस्त्यावरून नुसतं बघून कोण कुठे झोपायचं ते कळतं. सगळं गणित ग्रीक-रोमन खांबांच्या प्रमाणावर बसवलेलं, खांब नसले तरी. पॅटर्न बुक म्हणून छापील पुस्तकं मिळायची, गवंड्याने ती बघून बांधायचं, त्यामुळे ब्रिस्टल, बाथ, डब्लिन, एडिंबरा सगळीकडची घरं भावंडं वाटतात.

आणि खिडक्यांवर टॅक्स होता! १६९६ पासून १८५१ पर्यंत. जास्त खिडक्या जास्त कर. म्हणून पुष्कळ जुन्या घरांत खिडकीची चौकट आहे पण आत विटा भरलेल्या दिसतात. (त्यातल्या काही मात्र मुळातच खोट्या असतात, रेषा जुळवायला, प्रत्येक बुजवलेल्या खिडकीला टॅक्सची गोष्ट चिकटवू नये.) पिनीसारख्याने इतक्या मोठ्या खिडक्या ठेवल्या म्हणजे बघा टॅक्स भरायची ऐपत मिरवायची पण होती.

मुक्काम_पोस्ट_लीड्स

खूप माहितीपूर्ण धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. प्रश्न आहे, इंग्लंडमध्ये पाय ठेवला की गुलाम आपोआप मोकळा होतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. मग पेरो निघून का नाही गेला?

गोदातीर

१७७२ चा निकाल तुम्ही म्हणताय, जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाचा. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने एवढंच ठरवलं की मालक त्याला जबरदस्तीने जहाजात घालून इंग्लंडबाहेर नेऊ शकत नाही. गुलामगिरीच बेकायदा असं काही म्हटलं नाही, पण लोकांनी तसा अर्थ घेतला आणि बरेच जण खरंच निघून गेले. पेरो का गेला नाही ते त्याने लिहून ठेवलेलं नाही, त्याचा एकही शब्द उरलेला नाही, आहे ते सगळं मालकाच्या हातचं. पण बहिणी नेविसला, मालकाच्या ताब्यात. तो पळाला असता तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार करायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

अंधारी_आळी

कोणी किंचाळणाऱ्या कवटीबद्दल का बोलत नाहीये?? पिनी लोकांचं मूळ गाव बेटिसकम, डॉर्सेटमधलं. तिथल्या त्यांच्या वाड्यात एक कवटी आहे. गोष्ट अशी की पिनीने नेविसहून आणलेला काळा नोकर मरताना म्हणाला माझं शरीर माझ्या देशात न्या, नाही नेलं तर शाप लागेल. नाही नेलं, चर्चच्या आवारात पुरलं, तर रात्री किंकाळ्या, दारं आपटतायत, पिकं जळतायत, गुरं मरतायत. शेवटी उकरून काढून घरात ठेवली तेव्हा शांत झालं. घराबाहेर नेली की मालक वर्षाच्या आत मरतो.

विटा_आणि_चुना

@अंधारी_आळी, त्या कवटीची १९६३ मध्ये तपासणी झाली. बाईची निघाली. वय पंचवीस-तीस. आणि किमान दोन हजार वर्षं जुनी, बहुधा तिथल्याच टेकडीवरच्या प्राचीन वस्तीतली. नेविसशी काही संबंध नाही.

अंधारी_आळी

मूड घालवला राव.

गोदातीर

कवटी खोटी निघाली तरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डॉर्सेटच्या खेड्यातले लोक पिढ्यान् पिढ्या हीच गोष्ट सांगत राहिले, की त्या घरात परमुलखातला एक माणूस आणला होता, त्याला घरी जायचं होतं आणि जाऊ दिलं नाही. मालकांच्या वहीत नाही ते गावकऱ्यांच्या भुताच्या गोष्टीत.

सातवा_मजला

अवांतर : कोलस्टनचा पुतळा पाडला तो हाच एरिया ना? टीव्हीवर बघितलं होतं.

गोदातीर

अवांतर अजिबात नाही. एडवर्ड कोलस्टन पिनीच्या आधीचा, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतला मोठा अधिकारी, शहरात शाळा-धर्मशाळा काढल्या म्हणून त्याचा पुतळा. ७ जून २०२० ला लोकांनी तो दोर लावून पाडला, गडगडत बंदरापर्यंत नेला आणि पाण्यात टाकला. टाकला ती जागा पेरोज ब्रिजजवळच. मग पालिकेने काढला, आता एम शेड म्युझियममध्ये आडवा ठेवलाय, अंगावरचा रंग तसाच.

शिरीष_वृक्ष

उशिरा येतोय. हे वाचताना जोतीरावांची आठवण येणं अटळ आहे. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून एक माणूस समुद्रापलीकडचे गुलाम आणि आपल्याकडचे शूद्रातिशूद्र एका ओळीत बघतोय, तेव्हा पिनीचा धाकटा मुलगा मरून जेमतेम सहा वर्षं झाली होती. इतकं जवळचं आहे हे. पिनीची "देवानेच नेमलंय" ही पळवाट वाचून तर जोतीराव काय म्हणाले असते हे सांगायलाच नको, आपल्याकडे त्या एका वाक्यावर अख्खी पोथी उभी होती.

मुक्काम_पोस्ट_लीड्स

+१ शिरीष. आणि राजा राममोहन रॉय पण ब्रिस्टललाच वारले ना?

गोदातीर

हो, २७ सप्टेंबर १८३३ ला, स्टेपलटनला. समाधी आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत, द्वारकानाथ टागोरांनी बांधलेली, बंगाली छत्रीसारखी. आणि त्यांचा पुतळा कॉलेज ग्रीनवर, म्हणजे पिनीच्या घरापासून उतारावरून पाच मिनिटं. योगायोग असा की गुलामगिरी बंद करणाऱ्या कायद्यावर राजाची सही झाली २८ ऑगस्ट १८३३ ला, त्यानंतर बरोबर एका महिन्यात राममोहन गेले.

@शिरीष_वृक्ष, धाकट्या मुलाचं बरं काढलंत. चार्ल्स पिनी, १७९३ चा. १८३१ मध्ये तो ब्रिस्टलचा महापौर होता आणि नेमकी तेव्हाच शहरात दंगल पेटली. मतदानाचा हक्क वाढवायचं बिल लॉर्ड लोकांनी फेटाळलं म्हणून. ऑक्टोबरच्या शेवटी तीन दिवस क्वीन स्क्वेअर जळत होता, बिशपचा वाडा जाळला, तुरुंग फोडले, आणि महापौरसाहेब छपरांवरून पळाले. नंतर कर्तव्यात कसूर केली म्हणून खटला झाला, निर्दोष सुटले. सैन्याचा जो कर्नल होता, ब्रेरटन, ज्याने लोकांवर लगेच गोळीबार करायचं टाळलं, त्याच्यावर कोर्ट मार्शल सुरू झालं आणि त्याने मध्येच स्वतःला गोळी घालून घेतली. चार दंगेखोर फासावर गेले.

काकवी

मग गुलामगिरी बंद झाली तेव्हा पिनी बुडाले असतील?

गोदातीर

बुडतात कसले. भरपाई मिळाली. मालकांना! सरकारने दोन कोटी पौंड काढले, त्या काळच्या सरकारी खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि सगळे मालकांना वाटले, गुलामांना दमडी नाही. चार्ल्सचं नाव त्या यादीत आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सगळी यादी ऑनलाइन टाकलीये, कोणीही बघू शकतं. त्यासाठी काढलेलं कर्ज शेवटी फिटलं ते २०१५ मध्ये. म्हणजे इथं नोकरी करून टॅक्स भरणाऱ्या आपल्या देशी लोकांनी पण त्यात वाटा उचललाय, कॅरिबियनहून आलेल्या लोकांनी सुद्धा, हे जरा विचार करा.

आणि मोकळे झालेले लोक मळ्यावर राबायला तयार होईनात तेव्हा १८३८ पासून आपल्याकडचे मजूर करारावर गयानाला न्यायला सुरुवात झाली, पण तो वेगळाच धागा होईल.

पिनींचा नेविसवरचा मूळ मळा, माउंट्रॅव्हर्स, मात्र त्याआधीच, १८०८ च्या सुमारास, म्हाताऱ्या पिनीने एडवर्ड हगिन्स नावाच्या माणसाला विकला होता, माणसांसकट. या हगिन्सने जानेवारी १८१० मध्ये त्यातल्या विसेक बायका-पुरुषांना चार्ल्सटाऊनच्या भर बाजारात उभं करून चाबकाने फोडलं, एकाला ३६५ फटके, मोजून. बघायला मॅजिस्ट्रेट उभे. गाजलं प्रकरण, लंडनपर्यंत गेलं. खटल्यात सुटला.

उलटतपासणी

३६५? म्हणजे कोणीतरी मोजत उभं होतं.

सातवा_मजला

काकवींना अजून एक माहिती. १८२० नंतर इंग्लंडमध्ये साखरेची भांडी मिळायची त्यावर लिहिलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे चांगल्या घरातल्या बायका चहाला पाहुण्यांसमोर ते भांडं ठेवायच्या, बंगालची साखर. आता बंगालचा शेतकरी कंपनीच्या राज्यात किती सुखात होता ते आपल्याला माहितीच आहे.

काकवी

हे भारी आहे! भांडं बघायला पाहिजे एकदा.

लेक_माहेरची

फॅनीचं पुढे काय झालं ते कोणी विचारलंच नाही.

गोदातीर

@लेक_माहेरची, बरं विचारलंस. फॅनीचा जन्म नेविसला, १७६७. आई पॉली मळ्यावरची गुलाम, बाप बहुधा गोरा, तिथला मॅनेजर विल्यम कोकर असावा. १७७८ मध्ये, अकरा वर्षांची असताना, पिनीने तिला कागदोपत्री मुक्त केलं आणि शिवणकाम शिकवलं. पेरोला कधीच नाही आणि हिला लहानपणीच, यात बापाच्या रंगाचा वाटा किती ते तुम्हीच ठरवा. ब्रिस्टलला ती पोरांना सांभाळायची, बाईसाहेबांचं शिवणटिपण करायची, पण पगारी. १७८९ मध्ये ब्रॉडमीडच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, मालकांच्या चर्चमध्ये नाही, स्वतः निवडलेल्या. तिकडे आईला वस्तू पाठवायची.

१८२० मध्ये गेली. मृत्युपत्र केलं होतं! म्हणजे मागे ठेवण्यासारखं काहीतरी तिचं स्वतःचं होतं. त्यात बॅप्टिस्ट मिशनला पण पैसे ठेवलेत. ब्रॉडमीड आता सगळा शॉपिंगचा भाग आहे, दुकानंच दुकानं.

लेक_माहेरची

आणि आई?

गोदातीर

आई गुलामच. मुलगी मोकळी झाली म्हणून आई नाही होत.

मुक्काम_पोस्ट_लीड्स

पुढच्या महिन्यात सासूसासरे येतायत, त्यांना घेऊन जाईन म्हणतो. लिफ्ट आहे का? सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

गोदातीर

जुनं घर आहे, जिनेच जिने, गुडघे दुखत असतील तर वरचे मजले अवघड. आणि हिवाळ्यात काही महिने बंद असतं, निघायच्या आधी वेबसाईटवर वार आणि वेळ बघून घ्या. पेरो आणि मळ्याबद्दलची माहिती वरच्या एका खोलीत लावलीये, बरेच लोक जेवणाची खोली आणि हौद बघून खालूनच परत जातात. सासूबाई वर जाऊ शकत असतील तर त्यांना तेवढी खोली जरूर दाखवा.